महानगर कोणाचे?

स्वतंत्र भारताची पहिली जनगणना १९५१ मध्ये झाली. त्या वेळी दर शंभर भारतीयांपैकी सुमारे १७ जण शहरांत राहत होते. २०११ च्या जनगणनेपर्यंत हे प्रमाण ३१ च्या वर गेले आणि शहरवासीयांची संख्या सव्वासहा कोटींवरून सुमारे ३७ कोटी ७१ लाखांवर पोहोचली. दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे १९५१ मध्ये देशात पाच होती. २०११ मध्ये ती ५३ झाली. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता या महानगरांची लोकसंख्या, त्यांच्या उपनगरांसह, प्रत्येकी एक कोटीच्या पुढे गेली. साठ वर्षांतील हा बदल केवळ आकड्यांचा नाही. कोट्यवधी कुटुंबांनी या काळात आपले गाव, आपला व्यवसाय, आपला शेजार आणि आपली जगण्याची रीत बदलली.

या वाढीविषयी शहरांत एक मत सर्रास ऐकू येते. पाणी कमी पडले, लोकल गाडीत पाय ठेवायला जागा उरली नाही, रस्ते तुंबले, रुग्णालयात खाट मिळाली नाही, की 'बाहेरून येणाऱ्या लोंढ्यांमुळे शहराची ही दशा झाली' असे म्हटले जाते. 'लोंढा' हा शब्द मुळात पुराच्या पाण्याचा. पुराला कुटुंब नसते, हेतू नसतो. त्याला फक्त अडवायचे असते. माणसांना हा शब्द लावला, की त्यांनाही अडवावे हा एकच उपाय सुचू लागतो. परंतु माणसे शहरात का येतात, त्यांना तेथे कोण बोलावते आणि ती आल्यावर शहर त्यांच्यासाठी काय करते, या प्रश्नांची उत्तरे शोधल्याशिवाय दोष कोणाच्या पदरात टाकायचा, हे ठरवता येणार नाही. या शोधासाठी मुंबईचे उदाहरण उपयोगी आहे, कारण आधुनिक भारतातील महानगराच्या वाढीचे जवळजवळ सर्व टप्पे तेथे पाहावयास मिळतात.

मुंबई ही मुळात सात बेटांची वस्ती. समुद्रावर जगणारे कोळी हे तेथील जुने रहिवासी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी रेल्वे धावली आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. भारतातील कापसाला मोठी मागणी आली आणि मुंबईत अमाप पैसा जमा झाला. त्या पैशांतून गिरण्या, गोदी आणि रेल्वे वाढली. या सर्वांना माणसांचे बळ हवे होते. ते रत्नागिरीतून आले, सातारा आणि पुणे जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरून आले, गुजरातमधून आले, तेलंगणातून आले आणि पुढे उत्तर प्रदेशातूनही आले. यांतील कोणीही शहरावर चाल करून आले नव्हते. गिरणीतला मुकादम किंवा जॉबर आपल्या गावातल्या, आपल्या ओळखीच्या माणसांना भरतीसाठी घेऊन येत असे. ज्या माणसांना आज 'बाहेरचे' म्हटले जाते, त्यांना बोलावणे शहराच्या उद्योगानेच धाडले होते.

बोलावणे धाडणाऱ्यांनी त्यांच्या निवाऱ्याचा विचार मात्र फारसा केला नाही. कामगार चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहू लागले. एकाच गावच्या तरुणांनी मिळून एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे आणि खानावळीत जेवायचे, ही गिरणगावातील रूढ पद्धत होती. एक जण दिवसपाळीला गेला, की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर अंग टाकी. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा या दाटीचे परिणाम साऱ्या शहराला भोगावे लागले. त्यानंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारण्यासाठी सुधारणा मंडळ स्थापन झाले. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. आज ही जागा अपुरी वाटते. तरी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कमी मिळकतीच्या माणसाला भाडे देऊन डोके टेकण्याची कायदेशीर जागा त्या काळी शहरात मिळू शकत होती.

हा मार्ग पुढे बंद होत गेला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. महागाईच्या दिवसांत भाडेकरूंना संरक्षण देण्याचा त्यामागील हेतू चांगला होता. पण ते भाडे दशकानुदशके तेच राहिले. परिणामी मालकांनी जुन्या चाळींची दुरुस्ती टाळली आणि भाड्याने देण्यासाठी नवी चाळ बांधण्याचा विचारच सोडून दिला. पागडीची पद्धत रुजली. नवीन बांधकाम झाले ते मालकी हक्काच्या सदनिकांचे. आणि त्या विकत घेणे हमालाला, सुताराला, घरकाम करणाऱ्या बाईला किंवा कारखान्यातील हंगामी कामगाराला शक्य नव्हते. शहरातील काम त्याच्यासाठी उपलब्ध होते, परंतु शहरातील घर त्याच्या आवाक्यात नव्हते. या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत झोपडपट्टी उभी राहिली.

स्वातंत्र्योत्तर काळातील आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. आजच्या बृहन्मुंबईच्या क्षेत्रात १९५१ मध्ये सुमारे ३० लाख लोक राहत होते. १९७१ मध्ये ते सुमारे ६० लाख, १९९१ मध्ये ९९ लाख आणि २००१ मध्ये १ कोटी १९ लाख ७८ हजार झाले. २०११ मध्ये ही संख्या १ कोटी २४ लाख ४२ हजार होती. म्हणजे १९६१ ते १९७१ या दशकात शहर सुमारे ४४ टक्क्यांनी वाढले, तर २००१ ते २०११ या दशकात केवळ चार टक्क्यांच्या आसपास. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्यात तर लोकसंख्या कमी झाली. २००१ मध्ये ती ३३ लाख ३८ हजार होती, ती २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत तेव्हाच्या अविभक्त ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. शहराच्या मध्यभागी परवडेनासे झालेले कुटुंब कल्याण, डोंबिवली, मीरा रोड, वसई, विरार असे सरकत गेले. त्यांचे काम मात्र जुन्याच ठिकाणी राहिले. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे धावणारी लोकलची जीवघेणी गर्दी ही या ताटातुटीतून निर्माण झाली आहे.

या वाढीचे कारण जादा अपत्ये हे आहे, असेही काही जण मानतात. पूर्वी त्यात तथ्य होते. आता ते उरलेले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशाच्या शहरी भागात एका स्त्रीला सरासरी १.६ मुले होतात. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हे प्रमाण २.१ असावे लागते. तेव्हा महानगरांचा प्रश्न कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने सुटणारा नाही. तो काम आणि घर यांच्या वाटणीचा प्रश्न आहे, आणि त्या वाटणीचे दुसरे टोक खेड्यात आहे.

ते टोक पाहायचे असेल, तर मुंबईला शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे पुरवणाऱ्या कोकणाकडे वळावे लागते. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्ग जिल्ह्याचीही घटली. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८३२. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की महानगराच्या वाढीची न दिसणारी किंमत दिसू लागते. कर्ता पुरुष चाकरमानी होऊन मुंबईस गेला. घर, शेत, गुरे आणि म्हातारे सासू-सासरे यांचा भार गावी राहिलेल्या स्त्रीने पेलला. मनिऑर्डर येत असे, माणूस गणपतीला किंवा शिमग्याला येत असे. भरपूर पाऊस पडूनही सिंचनाअभावी एकाच पिकावर अवलंबून असलेली, वाटण्या होऊन तुकडे पडलेली जमीन कुटुंबाला पुरत नव्हती, हे या स्थलांतराचे मूळ कारण. गाव सोडणे ही हौस नव्हती.

काहींसाठी गाव सोडण्याला आणखी एक कारण होते. ज्या समाजांना गावाने वेशीबाहेर ठेवले, पाणवठ्यावर येऊ दिले नाही आणि परंपरेने ठरवून दिलेलीच कामे करायला लावली, त्यांना शहराने निदान नाव न विचारता मजुरी दिली. शहरातही भेदभाव होता; गिरण्यांच्या विणखात्यात दलित कामगारांना प्रवेश मिळत नसे. तरीही शाळा, संघटना, वर्तमानपत्र आणि सभा यांच्या वाटा तेथे खुल्या होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षांचे वास्तव्य परळच्या चाळीत होते. सांगली जिल्ह्यातील वाटेगावाहून लहानपणी कुटुंबाबरोबर पायी चालत मुंबईत आलेले अण्णाभाऊ साठे मजुरी करत करत मराठीतील थोर साहित्यिक झाले. शहरात येणाऱ्या माणसाकडे केवळ ओझे म्हणून पाहिले, तर त्याने शहराला जे दिले त्याचा हिशेब मांडायचाच राहून जातो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. कोणत्याही शहराची माणसे सामावून घेण्याची एक मर्यादा असते आणि ती ओलांडली, की सर्वांचेच हाल होतात, असे ही बाजू सांगते. या म्हणण्यात निश्चितच सत्य आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शेकडो माणसे प्राणांस मुकली. मिठी नदीचे पात्र भराव आणि बांधकामांनी अरुंद झाले होते, हे त्या दिवशी सर्वांना कळले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून खाली पडून काही प्रवासी मृत्यू पावले. अशा घटनांनंतर सामान्य माणसाच्या मनात भीती दाटून आली, तर तिला अनाठायी म्हणता येत नाही. आपल्या मुलांना याच शहरात काम मिळेल का, ही स्थानिक रहिवाशाची चिंताही खरी आहे.

परंतु भीती खरी असली, तरी तिने दाखवलेला दोषी खरा असेलच असे नाही. मिठीच्या काठावर झोपड्या होत्या, तशी मोठी बांधकामेही होती. पाण्याचे उदाहरण तर अधिक स्पष्ट आहे. मुंबईला तानसा, भातसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात जलाशयांतून दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळते. २०११ च्या लोकसंख्येने भागले, तर ते माणशी सुमारे ३०० लिटर येते. त्यानंतरची लोकवाढ, उद्योगांचा वापर आणि गळती हे सर्व वजा केले, तरी तहानलेले राहण्याइतके ते कमी नाही. मात्र दीर्घकाळ महापालिकेचे मापच असे होते, की इमारतीतील माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतील माणसाला ४५ लिटर. अनेक वस्त्यांना तेवढेही मिळत नसे आणि तेथील बायकांना ड्रमने पाणी विकत घ्यावे लागे. जो सर्वांत कमी पाणी वापरतो, त्यालाच पाणीटंचाईचा अपराधी ठरवणे न्यायाचे होत नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यात यांतील मोठी धरणे आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरणाजवळचा आदिवासी तरुण अखेर त्या पाण्याच्याच मागोमाग शहराकडे निघाला, तर नवल कसले?

जागेचेही तसेच. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील ५२ लाख माणसे, म्हणजे सुमारे ४२ टक्के रहिवासी, झोपडपट्ट्यांत राहत होती. त्याच जनगणनेत मुंबईतील सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. देशातील कोणत्याही शहरापेक्षा ही संख्या अधिक होती. त्यांतील बरीचशी गुंतवणूक म्हणून घेतलेली किंवा भाडेकरू नको म्हणून कुलूप लावून ठेवलेली असावीत. एकाच शहरात एकीकडे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि दुसरीकडे माणसांविना बंद घरे असतील, तर तेथे जागा नाही असे कसे म्हणावे? जागा आहे, ती गरज असलेल्याच्या आवाक्यात नाही.

गिरण्यांच्या जमिनींचा प्रसंग तर शहराच्या हातून निसटलेल्या मोठ्या संधीचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि शहराच्या मध्यभागी सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होण्याची शक्यता निर्माण झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली होती: एक भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक भाग घरांसाठी म्हाडाला आणि एक भाग मालकांना. २००१ मध्ये या नियमात बदल झाला आणि वाटणी गिरणीच्या संपूर्ण जमिनीऐवजी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू झाली. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला. मैदाने आणि परवडणारी घरे यांच्या वाट्याला आलेली जमीन त्यामुळे पुष्कळच घटली. ज्यांच्या श्रमांवर शहर उभे राहिले, त्यांच्या परिसरात उंच मनोरे, कचेऱ्या आणि मॉल आले. हा निर्णय गावाहून आलेल्या कोणा मजुराने घेतला नव्हता.

माणसांना अडवण्याचे प्रयत्न मुंबईत झाले नाहीत असे नाही. १९७६ मध्ये झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे देण्यात आली. पुढे झोपडीधारकांच्या संरक्षणासाठी प्रथम १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २००० आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ या तारखा ठरल्या. दर वेळी 'यानंतर येणाऱ्यास थारा नाही' असा इशारा दिला गेला आणि दर वेळी तारीख पुढे सरकली. याचे कारण उघड आहे. जोवर शहरात काम आहे आणि गावात नाही, तोवर कागदावरील तारखेने माणसाची पावले थांबत नाहीत. १९८१ मध्ये भर पावसाळ्यात पदपथांवरील झोपड्या हटवण्याची मोहीम झाली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ओल्गा टेलिस खटल्यातील १९८५ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही अंतर्भूत आहे. पदपथावर कायम राहण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. मात्र माणूस कामाच्या जवळ राहतो तो जगण्यासाठी, हे त्याने मान्य केले. शिवाय देशात कोठेही जाण्याचा व राहण्याचा हक्क घटनेने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. त्या हक्काचा उपयोग केवळ सुस्थित माणसानेच करावा, असे घटनेत लिहिलेले नाही.

हा सारा वाद २०२० मध्ये अनपेक्षित रीतीने कसोटीला लागला. कोविडच्या साथीमुळे २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. हातावर पोट असलेल्या कामगारांची मजुरी थांबली, आणि मुंबई, दिल्ली, सुरत अशा शहरांतून लाखो माणसे मिळेल त्या वाटेने, कित्येक तर पायी, गावाकडे निघाली. १ मेपासून सुरू झालेल्या विशेष श्रमिक गाड्यांनी साठ लाखांहून अधिक लोकांनी प्रवास केला. ज्यांनी शहर जड केले असे म्हटले जात होते, ते शहर सोडून चालले. पण त्यामुळे शहर सुखी झाले नाही. बांधकामे ठप्प झाली, कारखान्यांना माणसे मिळेनात, आणि टाळेबंदी सैल होताच त्याच कामगारांना परत आणण्यासाठी मालकांची धडपड सुरू झाली. त्या कामगारांपैकी बहुतेकांपाशी शहरात संकटाचा महिना काढण्यापुरतीही स्वतःची अशी जागा नव्हती. महानगर त्यांच्याकडून केवढे घेत होते आणि त्यांना किती थोडे देत होते, हे त्या वेळी सगळ्या देशाने पाहिले.

मुंबईचा हा अनुभव इतर महानगरांनाही लागू पडतो. कोलकाता महापालिकेच्या हद्दीत २००१ ते २०११ या काळात लोकसंख्या थोडी घटली आणि भोवतालच्या नगरांत वाढली. फाळणीनंतर निर्वासितांना सामावून घेणारी दिल्ली १९५१ मध्ये साडेसतरा लाखांची होती. २०११ मध्ये ती १ कोटी ६८ लाखांची झाली. बंगळूर शहर जिल्हा एका दशकात सुमारे ४७ टक्क्यांनी वाढला आणि त्याची तहान भागवण्यासाठी कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. प्रत्येक ठिकाणी तपशील निराळा, सूत्र एकच. काम एका जागी साठते, घर परवडत नाही, माणूस दूर फेकला जातो आणि गर्दीचा दोष त्याच्याच माथी येतो.

मग उपाय कोणता? मुंबईच्याच इतिहासात त्याचा धडा सापडतो. १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. राज्यकारभाराची मुख्य कार्यालये तेथे गेली, तर कामे आणि त्यांमागून माणसे तेथे जातील, असा मूळ विचार होता. प्रत्यक्षात मंत्रालय जागचे हलले नाही, आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. मानखुर्द-वाशी रेल्वे सुरू व्हायला १९९२ साल उजाडले. घाऊक बाजारपेठा वाशीला आल्या, न्हावा-शेवा येथे बंदर झाले, रेल्वे पोहोचली, तेव्हा कुठे नवी मुंबई खऱ्या अर्थाने वाढली. २०११ मध्ये तेथील महापालिका क्षेत्रात ११ लाख लोक राहत होते. नुसत्या इमारती बांधून गर्दी विभागली जात नाही, तिच्यासाठी कामही विभागावे लागते, हा यातील पहिला बोध. दुसरा बोध असा, की नव्या शहराची किंमत जुन्या गावांनी मोजता कामा नये. ज्यांची भातशेती आणि मिठागरे या शहरासाठी घेतली गेली, त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांना योग्य मोबदल्यासाठी झगडावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये त्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले.

खेड्याच्या बाजूनेही असाच धडा महाराष्ट्रात मिळाला आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळात गावातच काम देण्याचा मोठा प्रयोग झाला. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने साकारलेल्या रोजगार हमी योजनेने 'मागेल त्याला काम' हे तत्त्व कायद्यात आणले, आणि २००५ मध्ये केंद्राने त्याच धर्तीवर देशासाठी कायदा केला. ज्याला गावात रोजगार, शेताला पाणी, मुलांना चांगली शाळा आणि आजारपणात दवाखाना मिळतो, तो माणूस शहरात जाईलही. पण तो आपल्या इच्छेने जाईल, लाचार होऊन नव्हे. नाशिक, सोलापूर, नांदेड, रत्नागिरी अशा मध्यम शहरांत उद्योग आणि उच्च शिक्षण वाढले, तर प्रत्येक वाट मुंबईलाच जाऊन मिळणार नाही.

हे सर्व होण्यास काळ लागेल. तोवर जे महानगरात आले आहेत, त्यांचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. त्यांच्यासाठी कामाच्या जवळ, रास्त भाड्याची, लहान पण पक्की घरे ही पहिली गरज आहे. प्रत्येकाला घराचा मालक करणे शक्य नाही. प्रत्येकाला भाडेकरू म्हणून सन्मानाने राहता येणे शक्य आहे. भाडेकरूला संरक्षण आणि मालकाला वाजवी उत्पन्न या दोहोंचा मेळ घालणारे धोरण, रिकाम्या घरांवर जादा कर, सार्वजनिक जमिनीवर प्रथम कष्टकऱ्यांचा विचार आणि वस्ती कोणतीही असली तरी पाणी व शौचालय यांची हमी, एवढे केले तरी महानगराची निम्मी कोंडी सुटू शकेल. याला पैसा लागेल, हे खरे. पण उड्डाणपुलांना आणि सागरी सेतूंना जो पैसा मिळतो, तो घरांना आणि नळांना मिळू नये, असा काही निसर्गनियम नाही. शहराने कशाला आधी महत्त्व द्यायचे, हे अखेर नागरिकच ठरवत असतात.

त्यासाठी मात्र आधी दृष्टी बदलावी लागेल. मुंबईतील आजच्या बहुतेक रहिवाशांचे आजोबा किंवा पणजोबा एके काळी हातात वळकटी घेऊन कोणत्या तरी धक्क्यावर किंवा स्थानकावर उतरलेले होते. आधी आलेल्याने नंतर येणाऱ्यास 'लोंढा' म्हणावे आणि दार लावून घ्यावे, यात शहाणपण नाही आणि कृतज्ञताही नाही. जनगणनेच्या वेळी मनोऱ्यात राहणारा माणूस एक म्हणून मोजला जातो आणि पदपथावर झोपणाराही एकच म्हणून. नळाचे पाणी, राहण्याची जागा आणि रस्त्यावरचा हक्क यांची वाटणी करतानाही ज्या दिवशी महानगर हीच मोजणी वापरील, त्या दिवशी त्याची लोकसंख्या हे त्याचे ओझे न राहता बळ ठरेल.